विहिरीपाशी ओरडणारी बाई

छावणी, छत्रपती संभाजीनगर
२० जानेवारी २०२५

प्रिय धम्मपाल,
जय भीम.

फोन तू उचलत नाहीस, मेसेज तुझ्यापर्यंत पोचत नाहीत, म्हणून पोस्टानं लिहितेय. पत्ता आकाशनं दिला. त्याच्यावर चिडू नकोस, मी लई मागं लागले तेव्हा दिला त्यानं.

यूट्यूबवरचा तुमच्या 'पडेल टॉकीज'चा तो भाग पाहिला. शोधून नाही पाहिला. नववीच्या वर्गात फळ्यावर लिहीत होते, मागून एका पोरानं 'अम्माऽऽ' असा आवाज काढला आणि शेवटी एक उचकी दिली. सगळा वर्ग हसला. हे काय आहे म्हणून विचारलं, तर पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, मॅडम, ते पिच्चरमधली बाई विहिरीपाशी ओरडते ना, ते. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये एका सरांनी मोबाईलवर लावून दाखवलं. पडद्याच्या कोपऱ्यात तू आणि आकाश, आणि मागं चाललेला 'पाणवठ्याची शपथ'. आपल्या अण्णांचा पिक्चर. सरांना काय माहीत. मी चहा संपवला आणि पुढच्या तासाला गेले.

पिक्चर वाईट आहे हे तू मला सांगू नकोस. गोष्ट आज्याच्या काळातली आणि पाटलाच्या मनगटावर चकाकणारं घड्याळ. विहिरीत सोडलेली बादली प्लास्टिकची, निळी. हीरो मरून पडलाय आणि त्याचं पोट खालीवर होतंय. 'मयताला ॲसिडिटी झालीय' असं तू म्हणालास तिथं मलाही हसू आलं. पण हीरोच्या जागी ज्याची गोष्ट आहे तो माणूस आपल्या आज्याचा सख्खा भाऊ होता, आणि गावच्या विहिरीवर पाणी भरलं म्हणून त्याचं काय झालं हे तुला अण्णांनी मांडीवर बसवून सांगितलेलं आहे. ते तू कुठं म्हणाला नाहीस. पाट्यांमध्ये दिग्दर्शकाचं नाव आलं, पुंजाराम खरात, तेव्हा आकाशनं विचारलं, हा गडी आता काय करत असंल? तू म्हणालास, दुकानाचे बोर्ड रंगवत असंल. लोक हसले. आकाशला तेव्हा माहीत नव्हतं, तुला होतं. ज्या माणसानं टॉकीजचे बॅनर रंगवून आणि पुढं बोर्ड रंगवून तुला मोठं केलं, त्याचं तू खरं तेच सांगितलंस. पुण्यात तू नुसता डीपी झालास, खरात लावत नाहीस, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. तिथं काय काय ऐकावं लागत असेल याचा मला अंदाज आहे.

माझं म्हणणं त्या बाईबद्दल आहे. हीरोचं नाव सूर्यकांत. त्याची आई विहिरीपाशी येते, प्रेत बघते आणि 'अम्मा' म्हणून ओरडते. तू म्हणालास, 'बाई, अम्मा तुम्हीच आहात.' तेवढा तुकडा आता गावभर फिरतोय. भिंतीवरच्या फोटोतली माय तू रोज बघत मोठा झालास. ओळखलं नसशील असं मी धरत नाही.

ट्रंकेतली पिक्चरची कॅसेट तू दोन वर्षांपूर्वी भांडून गेलास त्याच दिवशी गेली, हे मला ठाऊक होतं. बँकेची परीक्षा सोडलीस म्हणून अण्णा बोलले, तर तू म्हणालास, एका पडेल पिक्चरपायी तुम्ही सगळं घालवलं, तुम्ही मला काय सांगता. मग बॅग उचललीस. कॅसेट उंदरांनी कुरतडली, मी टाकून दिली, असं मी अण्णांना सांगितलं.

अण्णांनी तुमचा भाग पाहिलेला नाही. त्यांच्या साध्या फोनवर काही दिसत नाही. ते बघायच्या आत मायचा तुकडा काढून टाक. बाकीचा राहू दे.

तुझी ताई


१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय धम्मपाल,
जय भीम.

उत्तर नाही, तुकडाही तिथंच आहे. आता कुणीतरी त्याला ढोलकी लावलीय. छावणीच्या बाजारात ज्यूसच्या गाडीवर वाजत असतो.

मागच्या पत्रात एक गोष्ट नकळत खोटी लिहिली होती. अण्णांनी ते माझ्या आधीच पाहिलं होतं. शेजारची मोनाली कॉलेजातून आली की हे तिच्या दारात जाऊन उभे राहतात. ती म्हणाली, आजोबा फक्त 'विहीर लाव' म्हणतात, बाकीचं बघत नाहीत. हसतात का रागावतात, मी विचारलं. ती म्हणाली, काहीच करत नाहीत, फोन कानाला लावून ऐकतात. मला वाटलं त्यांना कमी ऐकू येत असेल. कॅसेटचंही ते मला काही बोलले नाहीत.

मग चंपामावशी सोयगावहून आली, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यानं आधीच दिसत नाही. बाजेवर पडून होती. मोनाली तिला सोबत म्हणून बसलेली, फोनवर एकामागून एक काहीबाही बघत होती, त्यात ते वाजलं. मी भाकरी थापत होते. मावशी उठून बसली. म्हणाली, "परत लाव." मोनालीनं परत लावलं. मावशीनं भिंत चाचपडली, जशी माणसं उभं राहायला आधार शोधतात तशी, आणि मला हाक मारली.

"रत्ना, ही लक्ष्मी हाय."

मी म्हटलं, हो मावशी, चित्र मायचं आहे, पण आवाज मुंबईच्या बाईचा आहे. अण्णांनी आपल्याला लहानपणापासून तेच सांगितलेलं ना, की पिक्चरमध्ये कुणाचाच आवाज खरा नाही, शूटिंगच्या वेळी साध्या टेपवर घेतलेलं पुसून नंतर मुंबईत दुसऱ्यांनी बोलून भरलं. मावशी ऐकेना.

"मला चित्र दिसतंय का, बाई? मी आवाजच ऐकला. माझ्या पाठची बहीण हाय ती. अन् अम्मा कुठं म्हनती? धम्मा म्हनती. पोराला हाक मारती."

संध्याकाळी मी अण्णांना विचारलं. ते ब्रश धूत होते, अजून एखाददुसरा बोर्ड करतात. बराच वेळ धूत राहिले. मग सांगितलं.

हीरोच्या आईचं काम करणारी बाई जालन्याहून येणार होती, आली नाही. कॅमेरा भाड्याचा, तो दिवस वाया घालवता येत नव्हता. दौलताबादला किल्ल्याखालच्या मळ्यात विहीर होती, तिथं सगळे खोळंबले होते. माय डबे घेऊन आली होती, तू तिच्या कडेवर, आठ महिन्यांचा. अण्णांनी तुला माझ्याकडं दिलं आणि मायला नऊवारी नेसवून उभं केलं. मला तेवढंच आठवतं, तू माझ्या वेणीला लटकत होतास. मायला रडायला जमेना. लाजून हसायला यायचं तिला. सूर्यकांत असं मोठ्यानं म्हणायलाही जमेना, परक्या माणसाचं नाव. दोन-चारदा झालं, कॅमेरावाला वैतागला. तेव्हा अण्णा तिच्याजवळ गेले आणि हळूच म्हणाले, लक्ष्मी, धम्मा आत पडलाय असं समज.

मग ती जी ओरडली, तीच ही हाक. अण्णा म्हणाले, ती खरंच विहिरीकडं पळाली, दोघांनी धरली, म्हणून शेवटी श्वास अडकून ती उचकी येते. मुंबईच्या बाईनं लई प्रयत्न केला, पण तसला आवाज तिला काढता येईना, म्हणून तेवढा टेपवरचा तसाच ठेवला. टेप खराब होती. सुरुवातीचा 'ध' गेला.

त्याच पावसाळ्यात मायला कावीळ झाली. पिक्चर लागला तेव्हा ती नव्हती. अण्णा मला म्हणाले, तिला आसं बोलायला नको व्हतं, म्हनून मी सगळ्यांना सांगत आलो की आवाज तिचा नाय. एवढं बोलून ते बाहेर जाऊन बसले.

मी तुला दोष देण्यासाठी लिहीत नाही. तुला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. पण आता तुला माहीत आहे.

तुझी ताई


३० मार्च २०२५

प्रिय धम्मपाल,

आकाशचा फोन आला होता. तू पत्र वाचलंस, दोन दिवस कुणाशी बोलला नाहीस, असं तो म्हणाला. तुकडा काढून काही होणार नाही, तो आता तुमच्या हातात राहिलेला नाही, हेही त्यानं समजावलं. ते मला पटलं. वीस एप्रिलला तुमचा शो इथं आहे आणि त्यात तू 'पाणवठा' अजिबात घेणार नाहीस, असा तुझा निरोप दिला. तो निरोप तू स्वतः दिला असतास तर बरं वाटलं असतं, पण हेही थोडं नाही.

अण्णांना शोचं कळलंय, मोनालीनं सांगितलं. येणार म्हणतात. मी नको म्हटलं, ऐकत नाहीत. कपाटातून जाकीट काढून इस्त्रीला दिलंय. तुला स्टेजवर भेटायचं वगैरे त्यांच्या मनात आहे असं दिसलं, म्हणून मी स्पष्ट सांगितलं, तसं काही नसतं, आपण मागं बसायचं आणि शो संपला की बाजूच्या दारापाशी थांबायचं. ते म्हणाले, बरं.

मायबद्दल तुला काही विचारतील असं वाटत नाही. त्यांना फक्त बघायचं आहे तुला. जेवायला घरी येशील का, हे मी विचारत नाही. आलास तर सगळं असेल.

तुझी ताई


२२ एप्रिल २०२५

धम्मपाल,

आम्ही आलो होतो. शेवटून दुसऱ्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेला.

अर्धा शो चांगला झाला. तो नागिणीचा पिक्चर, ज्यात साप दोरीनं ओढलेला दिसतो, त्यावर अण्णा डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. त्यांना त्यातलं कळतं. दोरी काळी रंगवायची असती, म्हणाले, यांनी पांढरी तशीच ठेवली. शेजारच्या माणसानं ते ऐकलं आणि तोही हसला. मला वाटलं, चला, निभलं.

मग वरच्या मजल्यावरून कुणीतरी 'अम्मा' म्हणून ओरडलं. मग खालून. मग सगळेच टाळ्यांच्या ठेक्यात, अम्मा, अम्मा. तू हात वर करून नको नको केलंस. हसत केलंस, त्यामुळं त्यांना वाटलं तू ताणतोयस. आकाशनं मान हलवली, मी एवढ्या लांबून पाहिलं, तो नाही म्हणत होता. तू खाली बघत थोडा थांबलास आणि मग माइक स्टँडला लावलास.

पडद्यावर ते लावलं असतंस तर मला एवढं वाटलं नसतं. तू स्वतः केलंस. डोक्यावर पदर घेतल्यासारखा हात धरलास, विहिरीत वाकून बघितलंस आणि ओरडलास. उचकीसुद्धा. तुला माहीत असताना. लोक उभे राहिले. पुन्हा, पुन्हा म्हणाले आणि तू पुन्हा केलंस.

अण्णा उठले नाहीत की काही नाही. शेजारच्या माणसाला म्हणाले, "हे माझं पिक्चर हाय." तो म्हणाला, हो का काका, आणि त्याच्या बायकोला कोपरानं ढोसून हसला. अण्णांनी पुन्हा सांगितलं नाही.

शो संपल्यावर बाजूच्या दाराशी थांबलो. तुमची माणसं खोकी उचलत होती. लोक पांगले, चहावाला गाडी ढकलत गेला. अण्णा जाकिटाच्या गुंड्या लावून सरळ उभे होते, भिंतीला टेकलेसुद्धा नाहीत. शेवटी आकाश आला. अण्णांच्या पायाला हात लावला त्यानं. म्हणाला, काका, डीपीला डोकेदुखी होती, तो मागच्या दारानं गाडीत बसून पुढं गेला. त्याला माझ्याकडं बघवत नव्हतं.

अण्णा म्हणाले, दमला असंल.

रिक्षा क्रांती चौकातून पुढं गेली तेव्हा ते म्हणाले, "हाल भरला व्हता. आपलं पिक्चर लागलं तवा मालकानं पंखे बी लावले नाय, मानसं नाय म्हनून." मग म्हणाले, "पोरगं तिच्यावाणीच ओरडतं."

त्यांना राग आलेला नाही. राग आला असता तर तुझ्यापर्यंत यायला एक वाट राहिली असती. मला आलाय, पण माझ्या रागाचं तुला काय. डब्यात पुरणपोळ्या होत्या, त्या मोनालीकडं दिल्या.

ताई


५ जुलै २०२५

धम्मपाल,

तू माझी पत्रं वाचून दाखवलीस.

मला आधी शाळेत कळलं. ज्या सरांनी तो तुकडा दाखवला होता तेच आले, डोळे पुसत, म्हणाले, मॅडम, तुम्ही सांगायचं तरी. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं, खुर्ची दिली. सगळे एकदम अदबीनं बोलायला लागले. घरी येऊन मी पाहिलं. काळा पडदा, एक दिवा, हातात माझे कागद. जिथं तुझा आवाज चिरकतो तिथं कॅमेरा जवळ येतो. पहिली ओळ तीन ठिकाणांहून टिपलेली आहे, म्हणजे तू ती तीनदा वाचली असणार. खाली लोकांनी लिहिलंय, असला कलाकार होणे नाही. लिहिलंय, रडवलंस डीपी. तू सुरुवातीलाच पूर्ण नाव सांगितलंस, धम्मपाल पुंजाराम खरात, त्याबद्दल खूप जणांनी तुला सलाम ठोकलाय.

मागच्या दारानं गेलास तेवढं वाचलं नाहीस.

तू रडलास ते खोटं होतं असं मी म्हणत नाही. खरं असेलही. पण ते मला सांगायला तुझ्याकडं माझा पत्ता होता. फोन होता. गाडीनं पाच-सहा तासांची वाट आहे.

आता इथलं ऐक. लोकांनी तुला माफ केलं आणि अण्णांना धरलं. बाळंतपणाला वर्ष न झालेल्या बाईला, पोरगं विहिरीत पडलं असं सांगणारा माणूस. तिच्या जिवावर पिक्चर काढणारा. कावीळ त्या धक्क्यानंच झाली असंही एका डॉक्टर म्हणवणाऱ्यानं लिहिलंय. गल्लीतली पोरं, जी तुझ्या आवाजात ओरडत फिरायची, ती आता अण्णा दिसले की गप्प होतात. बुधवारी विहारात एका बाईनं तोंडावर विचारलं. अण्णा वंदना अर्धी सोडून घरी आले, ते परत गेले नाहीत.

मोनालीनं त्यांना दाखवायला नको होतं, पण त्यांनीच मागितलं. सगळं बघितलं. फोन परत दिला आणि माझ्याकडं आले. मी वह्या तपासत होते.

"हे तू लिवलं व्हतं?"

मी हो म्हटलं.

"मी तुला एकटीला सांगितलं व्हतं, रत्ना."

एवढंच. त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलतात. ताट ठेवलं की खातात. पाणी दे म्हणत नाहीत, उठून स्वतः घेतात. तुझ्यावर अजून राग नाही, तुझं नाव निघालं की म्हणतात, मोठा झाला. मी घरातच आहे, म्हणून माझ्यावर आहे.

आकाशनं शो सोडला असं ऐकलं. ते तुम्हा दोघांचं.

मी तुला एकदाच मागितलं होतं, की तेवढं काढून टाक. आता हेही काढून टाक म्हणणार होते. मग लक्षात आलं, काढायला तुझ्या हातात काही उरलेलं नसतं, असं आकाशनं मला मार्चमध्येच सांगितलं होतं. तू टाकतोस आणि नंतर ते लोकांचं होतं. माय लोकांची झाली, आता अण्णाही झाले.

रत्नमाला


१९ ऑगस्ट २०२५

धम्मपाल,

अण्णा रविवारी सकाळी गेले. चहा ठेवून मी उठवायला गेले तेव्हा अंग गार होतं. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहून दिलंय. तुझा फोन लागला नाही. तुमच्या ऑफिसात कुणीतरी उचलला, डीपी सर शूटमध्ये आहेत म्हणाले, निरोप देतो म्हणाले. दुपारपर्यंत वाट पाहिली, मग छावणीतल्या स्मशानभूमीत नेलं. अग्नी मी दिला.

तुझ्यासाठी काही सांगून गेले नाहीत. माझ्यासाठीही नाही. आदल्या दिवशी किराणा दुकानाचा एक बोर्ड अर्धा करून ठेवला होता, तो दुकानदार तसाच घेऊन गेला.

जलदानविधी पुढच्या रविवारी सकाळी दहाला, आपल्याच विहारात. चंपामावशी आली आहे. पत्रिकेत मुलगा म्हणून तुझं पूर्ण नाव छापलंय, ते छापावं लागतं.

यायचं तर ये. येताना कॅमेरा आणू नकोस.

या पत्रात वाचून दाखवण्यासारखं काही नाही. मी तसं बघून लिहिलंय.

रत्नमाला